पाचवीला कुठे घालायचं : कन्याशाळा की एकत्र शाळा?

चौथी संपत आली की पुण्यात घराघरांत हा विषय निघतो. मी पाचवी ते दहावी मुलींच्या शाळेत होते, माझी लेक एकत्र शाळेत आहे. आता भाचीच्या प्रवेशाची वेळ आली, म्हणून दोन्ही बाजू मांडते.

वाद जुनाच आहे. १८८४ साली हुजूरपागा ही मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा वेगळी शाळा नसती तर बहुतेक घरांनी मुली पाठवल्याच नसत्या. पुढे थोड्याच वर्षांत त्याच पुण्यात आगरकर सांगू लागले, मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि तेही एकत्र द्या. आजही ‘मुलींचीच शाळा असेल तर पाठवतो’ म्हणणारे बाप आहेत. तिथे प्रश्न कुठल्या शाळेचा नसतो, शाळा की घर एवढाच असतो. अशा मुलीने खुशाल कन्याशाळेत जावं.

बाकीच्यांचा पहिला प्रश्न मार्कांचा. २०१४ साली २१ देशांतल्या १६ लाख विद्यार्थ्यांवरचे १८४ अभ्यास एकत्र तपासले गेले. ज्या अभ्यासांत घरची परिस्थिती वगैरे धरून नीट तुलना होती, त्यांत फरक नगण्य निघाला. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये मात्र सोडत काढल्यासारखं शाळावाटप होतं आणि तिथे वेगळ्या शाळांतली मुलंमुली थोडी पुढे दिसली. म्हणजे निकालाच्या टक्केवारीवर निर्णय घेऊ नका. नामांकित शाळेच्या निकालात प्रवेशालाच कोण येतं याचा वाटा मोठा असतो.

खरा फरक मला बाकांपाशी दिसला. आमच्या शाळेत संमेलनाच्या आदल्या दिवशी बाकं आम्हीच उचलायचो, माईकच्या वायरी आम्हीच जोडायचो, कारण दुसरं होतंच कोण! लेकीच्या शाळेत परवा मी समोर उभी असताना बाई म्हणाल्या, “चार मुलगे या रे, बाकं हलवायचीत. मुलींनो, तुम्ही रांगोळीचं बघा.” प्रयोगशाळेतही तेच. उपकरण मुलाच्या हातात, वही मुलीच्या.

पण कन्याशाळेची किंमत मी अकरावीत मोजली. प्रॅक्टिकलला शेजारी मुलगा आला आणि त्याच्याकडे ब्युरेट मागायला मला दहा मिनिटं लागली. माझी लेक मागच्या बाकावरच्या मुलाला “ए, पट्टी दे माझी” म्हणून मोकळी होते. हे शिकवून येत नाही, सवयीनेच येतं. मात्र बऱ्याच ‘एकत्र’ शाळांत मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी, आणि कुणी कुणाशी बोललं की चिडवाचिडवी. एका छपराखाली दोन शाळा भरवायच्या आणि पाटीवर एकत्र लिहायचं, यात दोन्हीकडचा तोटा तेवढा पदरात पडतो.

मुलग्यांसाठी वेगळी शाळा का हवी, याचं पटण्यासारखं कारण मला अजून कुणी दिलेलं नाही. शिस्त म्हणाल, तर सैनिक शाळांतही २०२१-२२ पासून सगळीकडे मुलींना प्रवेश आहे.

शाळा बघायला मधल्या सुट्टीतच जा. मैदान कुणाच्या ताब्यात आहे? मुली खेळतायत की कडेला उभ्या आहेत? मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी आहे का, नळाला पाणी आहे का? ते नसेल तर पुढचं काही विचारूच नका. मुलगी बुजरी असेल, चारचौघांत हात वर करायला कचरत असेल, तर माझा कौल कन्याशाळेला. धीट असेल तर एकत्र शाळेला, पण ती खरोखर एकत्र असेल तरच.

भाची बुजरी आहे. तिचा फॉर्म आम्ही कन्याशाळेचा भरला, तिच्या धाकट्या भावाचा एकत्र शाळेचा. रिक्षावाले काका मात्र आता दोन लागणार, त्यावरून बहीण कुरकुरतेय.