व्हीएममधल्या विंडोजला फोन जोडून काही महिने: केबल की वाय-फाय?

डेस्कटॉपवर लिनक्स, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारा प्रोग्राम), आत विंडोज आणि त्या विंडोजला जोडलेला अँड्रॉइड फोन. कारण एकच: कामाची काही साधनं फक्त विंडोजवर चालतात. काही महिने हे रोज वापरल्यावर माझी वाटणी ठरली आहे. व्हीएमसाठी केबल फक्त फ्लॅशिंगपुरती (फोनवर सिस्टिम नव्याने लिहिणं), बाकी सगळं वाय-फायवर.

केबल जास्त डोकं खाते. लिनक्सवर आपला युजर 'व्हीबॉक्सयुजर्स' ग्रुपमध्ये असावा लागतो आणि तिथे टाकल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावं लागतं. नाहीतर व्हीएमच्या युएसबी मेनूत फोन येतच नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या आवृत्ती ७.० पासून युएसबी २ आणि ३ चे कंट्रोलर मूळ पॅकेजमध्येच मिळतात. त्याआधीची आवृत्ती असेल तर एक्स्टेन्शन पॅक वेगळा घाला.

मेनूत दिसलेला फोन हाती लागेलच असं नाही. होस्टचा, म्हणजे बाहेरच्या लिनक्सचा, फाइल मॅनेजर त्याला एमटीपीने (फाइल ट्रान्सफरच्या पद्धतीने) उघडून बसलेला असतो, नाहीतर होस्टवरच्या एडीबी (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) सर्व्हरने धरून ठेवलेला असतो. आधी अनमाउंट, मग होस्टवर 'एडीबी किल-सर्व्हर', त्यानंतर फोन व्हीएमकडे द्यायचा. केबल फक्त चार्जिंगची नाही ना, हेही बघून घ्या.

खरी मेख युएसबी फिल्टरमध्ये, म्हणजे कोणता फोन आपोआप व्हीएमकडे जावा हे ठरवणाऱ्या नियमात आहे. यादीतून फोन निवडून फिल्टर बनवला की त्यात सगळे तपशील आपोआप भरले जातात. पण मोड बदलला की फोनचा प्रॉडक्ट आयडी बदलतो. गूगलचा पिक्सेल फोन फाइल ट्रान्सफरमध्ये ४ईई१ असतो, डीबगिंग चालू केलं की ४ईई२ आणि फास्टबूटमध्ये (फ्लॅशिंगच्या मोडमध्ये) ४ईई०. म्हणजे व्हीएमच्या लेखी तो दरवेळी नवाच फोन! फिल्टरमध्ये फक्त व्हेंडर आयडी (गूगलचा १८डी१) ठेवून बाकी रकाने रिकामे सोडले की हा त्रास संपतो. काही कंपन्यांच्या फोनचा व्हेंडर आयडीसुद्धा फास्टबूटमध्ये बदलतो, त्यांच्यासाठी दुसरा फिल्टर जोडायचा.

वाय-फायचं प्रकरण त्या मानाने सरळ. अँड्रॉइड ११ पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायरलेस डीबगिंग आहे. सहा अंकी कोड देऊन एकदा पेअर करायचं, मग कनेक्ट. दोन्हींचे पोर्ट वेगळे असतात, स्क्रीनवर नीट वाचा. व्हीएमचं नेटवर्क नॅटवर (होस्टच्या आडून बाहेर जाणारं) असलं तरी चालतं, कारण जोडणी व्हीएमकडून बाहेर जाते. फक्त फोन आपोआप सापडत नाही, आयपी हाताने टाकावा लागतो. उलट दिशेला, म्हणजे व्हीएममधला सर्व्हर फोनवर उघडायला, ब्रिज्ड नेटवर्क (व्हीएमला नेटवर्कवर स्वतःचा वेगळा पत्ता) लावा असा सल्ला सगळीकडे मिळतो. मी 'एडीबी रिव्हर्स' वापरतो, ते एडीबीच्याच जोडणीतून फोनला व्हीएममधल्या सर्व्हरपर्यंत पोचवतं. नेटवर्कला हात लावावाच लागत नाही.

मोठ्या फायली मात्र व्हीएममधून काढतच नाही. फोन थेट होस्टला जोडायचा, फायली शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायच्या, विंडोजला त्या तिथे दिसतातच.

फ्लॅशिंगला केबलशिवाय गत्यंतर नाही. 'वेटिंग फॉर एनी डिव्हाइस' वर गाडी अडली, तर आधी युएसबी मेनूत फोनवर खूण आहे का पाहा. खूण असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये फास्टबूटचा ड्रायव्हर तपासा. एडीबीला ड्रायव्हर मिळाला म्हणजे फास्टबूटला मिळालाच असं नसतं. आणि फ्लॅश चालू असताना व्हीएम पॉज करू नका, स्नॅपशॉटही घेऊ नका.