नऊ महिने पंप वापरून: औषध उत्तम, पण आकडा कुठंय?

फेब्रुवारीच्या 24 तारखेला सांगलीच्या मार्केट यार्डात, ऐन सौद्यात, मी पोत्यावर बसलो तो उठेनाच. हळदीचा हंगाम, पोती फोडून नमुने बघणं चाललेलं, हवेत पिवळा धुरळा. खिशातला दम्याचा पंप काढून दोन पफ मारले. फुस्स झालं, घशाला गार लागलं, छाती मात्र सुटली नाही. हमालांनी रिक्षात घातलं, डॉक्टरांकडं वाफ घेतली, तेव्हा कुठं दोन वाक्यं सलग बोलता आली.

दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याशी भांडायला गेलो. माल डुप्लिकेट आहे, पैसे परत द्या. तो शांतपणे म्हणाला, "काका, डबी कधी चालू केली?"

"संक्रांतीला."

"120 पफची डबी, रोज चार. 30 दिवस. 12 तारखेलाच संपली की."

एकवीस वर्षं अडतीवर दिवाणजी आहे. शेतकऱ्याच्या पट्टीत आठ आण्यांचा फरक आला तर झोप लागत नाही मला. आणि बारा दिवस मी नुसता गॅस ओढत होतो.

होतं असं की डबीत औषध असतं आणि ते ढकलणारा गॅस असतो. डबीवर छापलेले पफ संपले तरी थोडा गॅस उरतो. दाबलं की फवारा येतो, आवाजही तोच, पण त्यात औषध किती याचा भरवसा नाही. मी तर काटकसर म्हणून शेवटपर्यंत पिळून घेत होतो. टूथपेस्टच्या ट्यूबला चालतं ते इथं चालत नाही.

शेजाऱ्यांनी युक्ती सांगितली होती: डबी पाण्यात टाका, आडवी तरंगली की रिकामी. ते करूनही बघितलं होतं. माझी तिरकी तरंगली. म्हणजे काय समजायचं? डॉक्टरांना सांगितलं तर ओरडलेच. आताच्या डब्यांना ही परीक्षा लागू पडत नाही, वर तोंडात पाणी जाऊन ती चोंदते ते वेगळंच.

म्हणून माझी तक्रार एकच: आकडा. किती पफ उरले ते दाखवणारी एवढीशी खिडकी. दाबून फवारा मारायचा पंप मुळात 1956 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा निघाला. कंपनीच्या अध्यक्षाच्या, दमा असलेल्या मुलीनं विचारलं होतं म्हणे, अत्तराच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का नाही मिळत? पोरीचं डोकं बघा. पण नव्या पंपांना मोजणी हवी अशी शिफारस तिथल्या औषध प्रशासनानं केली 2003 मध्ये. मधे 47 वर्षं गेली. आणि माझी ही डबी तर त्यानंतरची, तरी हिला खिडकी नाही. स्कूटरला पेट्रोलचा काटा असतो, गॅसचा सिलिंडर हलवून तरी कळतो. इथं श्वासाचा प्रश्न आणि काटा नाही.

आता औषधाबद्दल. आधी मी गोळीवर होतो, 4 मिलिग्रॅमची. हात थरथरायचे, रोजकीर्द लिहिताना अक्षर कोंबडीचे पाय. तेच औषध पंपातून येतं तेव्हा एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या भागाइतकं. हे कळल्यावर मला आधी फसवल्यासारखंच वाटलं, एवढे पैसे देऊन एवढंसं औषध! मग डॉक्टरांनी समजावलं: गोळी पोटातून रक्तात, रक्तातून अंगभर, तेव्हा थोडी फुप्फुसात. पंप थेट मुक्कामावर. आता त्यांनी रोजच्यासाठी सूज कमी करणारं आणि नळ्या उघडणारं असं दोन्ही एकत्र असलेलं दिलंय. हात थरथरत नाहीत. "पंपाची सवय लागते" म्हणणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही, चष्म्याचीही लागते.

पण नुसता पंप तोंडात धरून मारला तर नीट जमलं तरी साधारण 10 ते 20 टक्केच औषध फुप्फुसात उतरतं, बाकीचं घशाला चिकटतं. म्हणून स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचा प्लास्टिकचा पोकळ डबा; आमच्या घरी त्याचं नाव डबडं. डबी हलवायची, डबड्यात एक पफ, सावकाश ओढायचा, दहा आकडे श्वास रोखायचा. अर्ध्या मिनिटानं डबी पुन्हा हलवून दुसरा. नंतर चूळ, गिळायची नाही, थुंकायची. ही चूळ मी पहिला महिना चुकवली आणि जिभेवर पांढरी बुरशी आली.

डबडं धुण्यातही गंमत आहे. बायको स्वच्छतेची कडक, फडक्यानं घासूनपुसून लखलखीत करायची. तेच चूक होतं! कोरडं फडकं घासलं की प्लास्टिकला विजेचा भार येतो आणि औषधाचे कण आतल्या भिंतीला चिकटतात. भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुचकळून न पुसता निथळत ठेवायचं. आता ते स्वयंपाकघरात चहाच्या कपांशेजारी उपडं असतं, आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो हे काय.

इथवर लिहून आठ दिवस झाले. मधल्या काळात आकडेवाला पंप घेतला, साठेक रुपये जास्त मोजून. तेव्हा वरचं थोडं मागं घेतो. नातवानं खेळताना दहादा दाबला, आकडा दहानं उतरला. तो दाबलेलं मोजतो, ओढलेलं नाही. शिवाय या माझ्या पंपाचा आकडा दहा-दहानं सरकतो, आणि चाळिशीच्या डोळ्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. म्हणजे साठ रुपयांत शंभर टक्के खात्री विकत मिळत नाहीच.

मग जुना धंद्यातला उपाय काढला. पोत्यावर लॉट नंबर घालतो त्या काळ्या मार्करनं डबीच्या प्लास्टिकवर दोन तारखा: चालू आणि बंद. भिंतीवरच्या कॅलेंडरावरही बंदच्या चार दिवस आधी गोल, नवी डबी आणायला. हे बिनआकड्याच्या डबीलाही चालतं आणि फुकट आहे. मार्कर पेढीचा.

पाचपैकी गुण: औषधाला पाच, डबड्याला साडेचार. डबीला तीन. मार्करनं माझं काम भागलं म्हणून कंपनीला गुण वाढवून मिळणार नाहीत.