डीएससी की परदेशातली खासगी सुरक्षा कंपनी?

चाळीसगाव-पारोळ्याकडचा जवान पस्तीस-चाळिशीत पेन्शनवर घरी येतो आणि महिनाभरात विचारणा सुरू होते: "भाऊ, आता काय?" रस्ते दोन दिसतात.

डिफेन्स सिक्युरिटी कोर, म्हणजे डीएससी. पुन्हा वर्दी, लष्करी आस्थापनांचा पहारा, लष्करी कायदा तोच. पगार बांधलेला, काम कंटाळवाणं. गेटवर उभं राहून पाय दुखतात, एवढंच. वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माण्या पाहिलेल्यांना ही नोकरी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरीकडे खासगी कंपनी: दूतावास, तेलाचे प्रकल्प, समुद्री जहाजं. पैसा जास्त, हे खरंच. पण तुम्ही तिथे सैनिक नसता, कंत्राटी माणूस असता. २०१६ च्या जूनमध्ये काबूलला कॅनडाच्या दूतावासाचे पहारेकरी बसमधून कामावर निघाले होते. आत्मघाती हल्ल्यात मेले ते बहुतेक नेपाळी. अशा मरणाला शहीद म्हणत नाहीत, घरच्यांना मिळतं ते करारात लिहिलेलं तेवढंच. २०१३ मध्ये तमिळनाडूजवळ पकडलेल्या 'सीमन गार्ड ओहायो' या खासगी सुरक्षा कंपनीच्या जहाजावर ब्रिटनचे माजी सैनिकही होते. शस्त्रांच्या परवान्याचा घोळ, आणि निर्दोष सुटायला २०१७ उजाडलं. जहाज कंपनीचं, तुरुंग मात्र यांच्या वाट्याला!

माझं मत डीएससीकडे झुकतं. डोक्यावर कर्ज असेल आणि बाहेर जायचंच असेल, तर एजंटला आधी पैसे देऊ नका. विमा किती, मृतदेह घरी आणायचा खर्च कोणाचा, खटला झाला तर वकील कोण देणार, हे कागदावर घ्या.