छातीला पट्टा बांधून सात महिने

नोव्हेंबरात छातीला बांधायचा हार्ट रेटचा, म्हणजे मिनिटाला हृदयाचे ठोके मोजणारा, पट्टा घेतला. आठवड्यातून दोनदा पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असे चार फेरे पळतो. वय 43, गाव परभणी.

मनगटी घड्याळ होतंच. पण ते कातडीवर उजेड टाकून अंदाज बांधतं, जोरात सुटलं की त्याचा आकडा मागंच रेंगाळतो. पट्टा हृदयाचा विद्युत संकेतच पकडतो. त्यानं माझं सोंग उघडं पाडलं. पहिल्याच फेऱ्यात "मेलो" म्हणून थांबायचो तेव्हा आकडा असायचा 151. डिसेंबरात सोबतच्या पोरानं पिटाळलं तर 184 झाले, अन् चालत घरी आलो! 220 उणे वय धरलं तर माझी हद्द 177. पण ते सूत्र सरासरीचं, माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडंतिकडं होतात.

तिसरा फेरा सगळ्यात वाईट. मांड्या भरून येतात, तोंडात लोखंडाची चव, जबडा आवळलेला. तेव्हा मुठी सोडतो, फू करून श्वास टाकतो अन् फक्त पुढच्या विजेच्या खांबापर्यंत जायचं ठरवतो. तो आला की पुढचा. चार मिनिटांचा हिशेब मांडला की पाय तिथंच बसतात.

दोन्ही मांड्यांत सारखीच जळजळ असेल अन् वेग कमी करताच उतरली, तर रेटतो. फेब्रुवारीत डाव्या पोटरीत एकाच जागी सुई टोचल्यागत झालं. आकडा 158, झकास, म्हणून पळत राहिलो. तीन आठवडे घरी बसलो. पट्ट्याला पोटरी दिसत नाही. छातीत दाब किंवा चक्कर आली तर आकडा बघत बसायचंच नाही, थांबायचं अन् डॉक्टर गाठायचा.

मेमध्ये त्याच वेगाला दहा ठोके जास्त पडायचे. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडं वळतं, घामानं पाणी घटतं, मग हृदय धावतं. आकडा धरून ठेवला, वेग सोडला. बायको म्हणायची, "उन्हाळ्यात गाढवं बी सावली धरतेत, तुम्ही कुठं निघालाव?"

तक्रारी आहेत. काठाला कातडी सोलवटते. खोबरेल लावलं तर ते सेन्सरखाली गेलं अन् आकडे नाचायला लागले. आता काठाला तेल, सेन्सरला पाणी. दर वेळी धुतला नाही तर घामाचं पांढरं मीठ बसतं. एप्रिलात मागचा हूक तुटला, विकणाऱ्यानं फोनच उचलला नाही. बायकोनं ब्लाऊजचे दोन हूक शिवून दिले, ते अजून टिकून आहेत.