रोज एक इंग्रजी शब्द: दिवाळीपासून वापरल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगते, घाईत असलेल्यांनी तेवढा वाचून पुढे गेलं तरी चालेल. रोज एक शब्द पाठवणाऱ्या ॲपचा मला फारसा उपयोग झाला नाही. फ्रेझल व्हर्बचा, म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ, आउट जोडून होणाऱ्या जोड्यांचा झाला, तोही ऑफिसच्या मेलमधून स्वतः उचलल्या तेव्हापासून. इडियम, म्हणजे वाक्प्रचार, समजण्यापुरते कामाला आले. ते वापरायच्या फंदात मी पडत नाही.

मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात परचेसला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बीकॉम. टेन्स, आर्टिकल वगैरे बऱ्यापैकी जमतं, मेलही लिहिता येतो. अडचण कॉलवर व्हायची. पलीकडून चेन्नईचा माणूस म्हणतो, "लेट्स होल्ड ऑफ टिल दे सॉर्ट इट आउट." होल्ड माहीत, ऑफ माहीत, सॉर्ट माहीत, आउट तर पोरंही गल्लीत ओरडतात. सगळे शब्द ओळखीचे आणि वाक्य अनोळखी. अर्थ इतकाच होता की त्यांचा गोंधळ निस्तरेपर्यंत आपण थांबू. अशा वेळी जाडजूड शब्दांची यादी पाठ असूनही काही फायदा नसतो, कारण अडवणारे शब्द जाडजूड नसतातच.

दिवाळीच्या सवलतीत एका ॲपची वर्षाची वर्गणी भरली. नाव घेत नाही, अशी ढीगभर आहेत आणि बहुतेकांचा साचा सारखाच. सकाळी एक शब्द, दुपारी एक इडियम, संध्याकाळी एक फ्रेझल व्हर्ब, रविवारी टेस्ट. अग्रसेन चौकात मेट्रोत बसले की लोकमान्य नगरपर्यंत तेच बघायचं, असा नेम धरला. ॲक्वा लाइन थेट जाते, सीताबर्डीला गाडी बदलावी लागत नाही, त्यामुळे निवांत वेळ मिळतो. सकाळच्या गर्दीत उभं राहावं लागलं तरी एका हातानं चालवता येतं, हे त्या ॲपचं खरंच चांगलं.

शब्दांची निवड मात्र दाखवायला छान, वापरायला कठीण. पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीचा वास येतो त्याला 'पेट्रिकोर' म्हणतात, हे जूनमध्ये कळलं. 1964 साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी तो शब्द घडवला. माहिती गोड आहे, मी घरी सगळ्यांना सांगितलीही. पण परचेस ऑर्डरमध्ये पेट्रिकोर कुठे लिहू? त्याच आठवड्यात आलेले बाकीचे शब्दही असेच, पाहुण्यांसमोर काढायच्या कपबशीसारखे.

हिशेब केला तरी हे गणित बसत नाही. रोज एक म्हणजे वर्षाला 365, त्यातले निम्मे विसरणार. मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षकानं 1953 मध्ये सर्वाधिक लागणाऱ्या सुमारे 2000 शब्दांची यादी छापली होती. हा माणूस त्याआधी ढाक्याच्या शिक्षक महाविद्यालयात होता, म्हणजे आपल्यासारख्यांनाच शिकवून त्याला कळलं असणार की सुरुवात कुठून करायची. त्या 2000 पैकी बहुतेक शब्द मराठी माध्यमाच्या मुलालाही दहावीपर्यंत येतात. पुढचा पल्ला लांब आहे. पॉल नेशन या अभ्यासकाच्या 2006 च्या हिशेबानुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्र विनाअडथळा वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) लागतात. रोज एकाच्या चालीनं तिथे पोचेपर्यंत आपण रिटायर होऊ. ती मजल वाचूनच गाठायची, ॲप तिथे नेत नाही.

फ्रेझल व्हर्बचं गणित वेगळं आहे, आणि माझ्या मते सगळा पैसा वसूल इथेच होतो. 2007 मध्ये दोन संशोधकांनी ब्रिटिश इंग्रजीचा प्रचंड मोठा संग्रह तपासला. त्यातल्या निम्म्या फ्रेझल व्हर्ब फक्त वीस क्रियापदं आणि आठ जोडशब्द यांच्या मेळातून झालेल्या निघाल्या. गो, कम, टेक, गेट, सेट, पुट, पिक असली क्रियापदं आणि अप, आउट, ऑफ, ऑन, डाउन, बॅक असले जोडशब्द. एवढ्या थोड्या सामानात इतकं काम निघतं म्हटल्यावर ते सोडून ऑब्फस्केटसारखे जाडजूड शब्द का पाठ करायचे? मेख एकच. त्याच अभ्यासात नेहमीच्या शंभर फ्रेझल व्हर्बना सरासरी पाचाहून जास्त अर्थ सापडले. 'पिक अप' म्हणजे उचलणं, स्टेशनवरून कुणाला आणणं, फोन घेणं, धंदा सुधारणं, भाषा कानावर पडून येणं. ॲप यातला एकच अर्थ देतं आणि पुढच्या दिवशी दुसऱ्या शब्दाकडे पळतं.

आपल्याला हे अवघड जाण्याचं खरं तर कारण नाही, आपण दिवसभर असंच बोलतो. सांगून टाकलं, सांगून बसला, सांगून ठेवलं, सांगून पाहिलं. सांगणं एकच, शेपटीनं सगळा रंग बदलतो. इंग्रजीत ती शेपटी म्हणजे अप, ऑफ, आउट. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणं, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणं. हे एकदा डोक्यात बसलं आणि मी प्रत्येक जोडी वेगळी पाठ करणं सोडलं. अप दिसलं की आधी विचारते, इथे काही पूर्ण होतंय का? नेहमी नाही लागू पडत, 'गिव्ह अप' आणि 'लुक अप' आपापल्या वाटेनं जातात, पण बऱ्याच वेळा पडतं.

ॲपमधलं मराठी मात्र वाचूच नका. ते मशीननं केलेलं दिसतं. 'कॅरी आउट' (पार पाडणं) म्हणजे 'बाहेर वाहून नेणे', 'गिव्ह इन' (नमतं घेणं) म्हणजे 'आत द्या'. इन्स्पेक्शन कॅरी आउट करा म्हटल्यावर आमच्या स्टोअरवाल्यानं काय उचलून गेटबाहेर न्यावं? मी तक्रार पाठवली, आभाराचा मेल आला, अर्थ तोच राहिला. म्हणून आता अर्थ केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात बघते. फुकट आहे, प्रत्येक अर्थाला वाक्य आहे, आणि शब्द कोणत्या पातळीचा हे ए-वन ते सी-टू अशा खुणेनं दिलेलं असतं. बी-टूच्या पुढचं असेल तर मी सरळ सोडून देते.

होळीच्या सुमारास पद्धत बदलली. संत्रा बर्फीचा रिकामा डबा घेतला, पुठ्ठ्याचे पडदे लावून त्यात पाच कप्पे केले. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्ड केली, मागची बाजू कोरी आणि जाड असते, शाई फुटत नाही. दिवसभरात मेलमध्ये किंवा कॉलवर जी जोडी अडली तिचं पूर्ण वाक्य कार्डावर, जोडीतल्या क्रियापदाच्या जागी रेघ. "द व्हेंडर हॅज ___ ऑफ द डील अॅट द लास्ट मिनिट" असलं काही, आणि मागे 'कॉल्ड'. कार्ड पहिल्या कप्प्यात जातं. आठवलं तर पुढच्या कप्प्यात, नाही आठवलं तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, शेवटचा महिन्यातून एकदा. ही युक्ती माझी नाही, लाइटनर नावाच्या जर्मन माणसानं 1970 च्या दशकात ती लोकप्रिय केली. तिच्यामागचं तत्त्व त्याहून जुनं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्ये निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला होता. विसरायच्या बेतात असताना पुन्हा बघितलं की टिकतं. ज्यांना कागद नको त्यांच्यासाठी 'अंकी' नावाचं सॉफ्टवेअर हेच काम करतं. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. मला डबा बरा वाटतो, जेवणानंतर टेबलावर काढला की घरातले पण दोन कार्डं खेळतात.

फरक कुठे पडला ते सांगते. पूर्वी 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' मला एकच वाटायचे, दोन्हीकडे ऑफ. पहिल्यात काम पुढे ढकललंय, दुसऱ्यात रद्दच झालंय. परचेसमध्ये या दोन गोष्टींत ट्रकभर मालाचा फरक असतो. उन्हाळ्यात एका सप्लायरचा मेल आला, "डिस्पॅच हॅज बीन पुट ऑफ". आमच्या साहेबांनी लगेच दुसरीकडे ऑर्डर टाकायला सांगितली. मी म्हटलं, सर, त्यांनी रद्द नाही केलं, फक्त लांबवलंय, तारीख विचारते. चार दिवसांत माल आला. कारखान्यात कूलरसमोर उभं राहूनही घाम निथळत होता, तरी त्या दिवशी मी खुशीत होते. दुसरं म्हणजे शब्दांची जागा. 'टर्न इट ऑफ' म्हणायचं, 'टर्न ऑफ इट' नाही. 'लुक इनटू इट' मात्र फोडायचं नाही. नियम वाचून हे बसत नव्हतं, कार्डावर वाक्य असल्यानं बसलं.

इडियमचं थोडक्यात. क्रिकेटमधून आलेले आपल्याला आयतेच मिळतात, 'ऑन द बॅक फूट' नागपूरजवळच्या जामठा स्टेडियमवर मॅच बघणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकन कंपनीच्या मेलमध्ये मात्र बेसबॉल असतो. 'टच बेस', 'बॉलपार्क फिगर', 'कर्व्हबॉल'. खेळच पाहिलेला नसल्यानं यांचं चित्र डोळ्यापुढे येत नाही, ते निव्वळ पाठ करावे लागतात. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा मागितलाय एवढं कळलं की झालं. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' मात्र क्लासमध्ये प्रत्येकाला शिकवतात आणि कॉलवर एकाही माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

ॲपनं एक गोष्ट कुठेच सांगितली नाही, ती इथे सांगते. 'ही पास्ड आउट इन 2015' हे आपल्याकडे डिग्री मिळाली या अर्थानं चालतं, परदेशी माणसाला तो बेशुद्ध पडल्यासारखं ऐकू येतं. 'प्रीपोन' भारतात सगळ्यांना कळतं, बाहेर फारसं नाही. 'व्हेअर डू यू पुट अप' म्हणून आपण पत्ता विचारतो, त्यांना वाटतं पाहुणा कुठे उतरलाय. भारतातल्या भारतात बिनधास्त वापरा, बाहेरच्या कॉलवर जरा सांभाळून.

आता परीक्षावाल्यांसाठी. माझा भाचा एसएससी (दहावी नव्हे, केंद्राच्या नोकऱ्यांचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) आणि बँकेची तयारी करतो, दिवसभर अभ्यासिकेत असतो. माझा डबा बघून म्हणाला, "मावशी, तुह्या शब्दांचं पेपरात काही येत नाही." त्याचं बरोबर आहे. एसएससीच्या पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण, आणि त्यात समानार्थी, विरुद्धार्थी, वन वर्ड सब्स्टिट्यूशन, इडियम हे हटकून असतात. तिथे दुर्मीळ शब्दच विचारतात, त्यामुळे जे ॲप मला निरुपयोगी वाटलं ते त्याला चालतं. फक्त त्यानं रोज एकाऐवजी जुन्या प्रश्नपत्रिकांतले शब्द एकगठ्ठा घेतले आणि ॲप रविवारच्या टेस्टपुरतं ठेवलं.

बाकी बारीकसारीक कटकटी. सलग दिवसांची साखळी तुटली की ॲप रडका चेहरा दाखवतं आणि ती जोडायला पैसे मागतं. उच्चार फक्त अमेरिकन, त्यामुळे 'स्केज्युल' ऐकून सवय होते आणि ऑफिसात सगळे 'शेड्यूल' म्हणतात. नेटशिवाय जुने शब्द उघडत नाहीत.

वर्गणी येत्या दिवाळीत संपेल, पुन्हा भरणार नाही. एका खात्यावर दोन फोन चालतात, म्हणून तोवर भाच्याच्या फोनवर चालू ठेवलंय.