राखेची वीट: सोलापुरात एकेक खोली वाढवत घर बांधणाऱ्यांसाठी

गिरण्या बंद पडल्यानंतरच्या सोलापुरात कामगाराचं नवं घर एका दमात क्वचितच उभं राहतं. आधी एक खोली आणि मोरी, दोन-चार वर्षांनी स्वयंपाकघर, मग जिना. यंत्रमागाच्या नाहीतर विडीच्या मजुरीतून साठवलेला पैसा लावायचा, म्हणून वीट भट्टीची लाल घ्यावी की राखेची, हा प्रश्न हद्दवाढ भागातल्या प्लॉटवर हमखास निघतो. आमचं मत स्पष्ट आहे: राखेची घ्या, पण पुरती पिकलेली.

शहराजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं, कोळशावर चालणारं वीज केंद्र असल्यामुळे राखेला इथे तोटा नाही. राख, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणि सिमेंट (काही ठिकाणी चुना-जिप्सम) यंत्रात दाबून वीट काढतात. भट्टी लागत नाही. ९×४×३ इंचाची वीट कडेला सरळ येते. खरी बचत इथे आहे, विटेच्या दरात नव्हे. वाकड्यातिकड्या लाल विटेवर गिलावा २० मिलिमीटरच्या पुढे जातो, राखेच्या विटेवर १२ ते १५ मध्ये भागतो. सिमेंट आणि वाळू दोन्ही वाचतात.

१० बाय १० च्या, १० फूट उंच खोलीला ९ इंची भिंतीत, दार-खिडकी वजा जाता, सुमारे ३,५५० विटा लागतात. तुटफूट धरून ३,७०० सांगा. दर विचारताना 'पोहोच' दर, म्हणजे प्लॉटपर्यंतच्या वाहतुकीसह, विचारा, उतराई त्यात आहे का तेही.

फसगत होते ती पुरत्या न पिकलेल्या विटांत. राख सिमेंटसारखी झटपट धरत नाही, तिला ओलावा आणि दिवस लागतात. किमान २१ दिवस पाणी मारलेली वीट हवी. मागणी वाढली की काही जण आठवड्यात ट्रॉली भरतात, आणि उन्हाळ्यात पाणीच नसलं तर तेवढंही होत नाही. कडेवर नख ओढा: भुगा पडला तर माल परत. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की टणक आवाज यायला हवा. वाळलेली वीट तोला, २४ तास हौदात बुडवा, पुन्हा तोला. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये, २.८ किलोची वीट ३.३६ च्या आत राहायला हवी.

लाल वीट लावण्याआधी भिजत घालतात, तीच सवय गवंडी इथे चालवतात. राखेची वीट चिंब लावली तर नंतर वाळताना आक्रसते आणि भिंतीला उभी, केसासारखी चीर जाते. नुसतं पाणी शिंपडा. ९ इंची भिंतीला सिमेंट-वाळूचा माल १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) पुरे. जास्त सिमेंट घातलं की चिरा वाढतात. चार इंची आडभिंतीला मात्र १:४ आणि दर तीन फुटांवर ६ मिलिमीटरच्या दोन सळया. विटेचा चेहरा गुळगुळीत असतो, म्हणून सांधे ओले असतानाच १० मिलिमीटर खरवडून ठेवा आणि गिलाव्याआधी पातळ सिमेंट-वाळूचा शिडकावा द्या. कॉलम आणि भिंत जुळते तिथे कोंबडी जाळीची पट्टी चुकवू नका.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायरीपायरीने चढणारी चीर दिसली तर दोष विटेला देऊ नका. ती काळ्या मातीची करामत आहे: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत गेलाच पाहिजे. तिथे वाचवलेले पैसे कोणतीही वीट परत देत नाही.

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात भिंतीला सात दिवस ओल टिकवणं हेच कठीण काम. ओलं बारदान पसरा, सकाळ-संध्याकाळ भिजवा. पाणी हौदात साठल्यावरच काम काढा. खारट बोअरचं पाणी वापरलं तर लोणा फुटतो.

उन्हाबाबत मोठी आशा नको. ही वीट भरीव आणि जड आहे, लाल विटेपेक्षा घर फारसं गार राहत नाही. एकमजली घरात ताप वरच्या स्लॅबमधून येतो. तिथे दर उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन हात द्या.

पुढची खोली काही वर्षांनी जोडायची असेल तर भिंतीला दाते (नवी भिंत गुंतवण्यासाठी एकाआड एक बाहेर काढलेल्या विटा) सोडून ठेवू नका. जुनी भिंत आक्रसून झालेली असते, नवी आक्रसायची असते, सांधा फाटतोच. त्या बाजूला कॉलम घ्या आणि बाहेर राहिलेल्या सळयांना सिमेंटची लापशी लावून ठेवा, म्हणजे मधल्या वर्षांत गंज लागणं बरंच टळेल.