लेझर जॅमरचं ‘अपडेट’ आणि न जोडलेल्या दोन तारा

माझे ४१ हजार रुपये एका दिवसात गेले नाहीत. दहा महिन्यांत, चार वेळा, माझ्याच हाताने दिले, आणि चारही वेळा आपण शहाणपणा करतोय असंच वाटत होतं. पोलिसांची वेग मोजणारी गन चुकवते म्हणून गाडीत बसवायची ही ‘लेझर जॅमर’ नावाची पेटी निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात अजून विकली जातेय असं दोघा ओळखीच्यांकडून कळलं, म्हणून लिहायला बसलो.

माझी ठिबक आणि पाइपची एजन्सी आहे. आठवड्यातून तीन-चार वेळा कोल्हापूर नाहीतर बेळगाव ठरलेलं. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं, त्यामुळे चलनंही दोन्हीकडून येतात. २०२४ च्या पावसाळ्यापर्यंत वर्षभरात सहा चलनं झाली होती. कर्नाटकातली चार, प्रत्येकी हजाराची; कागलच्या पुढची दोन, प्रत्येकी दोन हजारांची. मोबाइलवर कन्नडमधला मेसेज आला की मुलगी वाचून दाखवायची, “पप्पा, परत स्पीडचंच आहे.” गाडी मी जोरात चालवत होतो, यात कुणाचा दोष नव्हता.

त्यातच १ ऑगस्ट २०२४ पासून कर्नाटकात ताशी १३० च्या वर गाडी सापडली की नुसता दंड नाही, गुन्हा दाखल होणार, असं जाहीर झालं. महामार्गावरच्या हॉटेलात, पेट्रोल पंपावर तोच विषय. गणपतीच्या तोंडावर संकेश्वरच्या एका व्यापारी मित्राने बेळगावातल्या गाडीचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराचा नंबर दिला. म्हणाला, “मी बसवलाय, टेन्शन गेलं.”

दुकानदार बोलायला अतिशय शांत. त्याने घाई केली नाही, चहा मागवला आणि स्पीड गन कशी चालते ते समजावून सांगितलं. त्याने जे सांगितलं ते बरोबर होतं, आणि त्याच खऱ्या माहितीवर विश्वास बसून मी फसलो. पोलिसांची लेझर गन डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे ठोके गाडीवर सोडते. प्रकाश ३०० मीटर जाऊन परत यायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे फक्त दोन भाग लागतात. असे ठोके एकामागून एक पाठवायचे, प्रत्येक वेळी अंतर किती कमी झालं ते मोजायचं, की वेग निघाला. सेकंदाच्या आत आकडा पडद्यावर. ३०० मीटरवर त्या झोताची रुंदी जेमतेम एक मीटर असते, म्हणून पोलीस नंबर प्लेटवर नेम धरतात, कारण प्लेटचा पत्रा प्रकाश सरळ उलटा फेकतो.

जॅमरचं काम म्हणजे तो पहिला ठोका ओळखायचा, ठोके कोणत्या लयीत येताहेत ते पकडायचं आणि त्याच लयीत खोटे ठोके उलट मारायचे. गनला खरा परतलेला प्रकाश वेगळा काढता येत नाही. परदेशात अशी यंत्रं खरोखर बनतात. नव्या गन ठोक्यांची लय बदलत राहतात, कुणी अडथळा आणतोय हे ओळखून तसा कोडही दाखवतात. म्हणून तिथले बनवणारे वरचेवर अपडेट काढतात आणि दर अपडेटनंतर वेगवेगळ्या गन घेऊन मोकळ्या रस्त्यावर चाचणी करतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया, टेक्सास अशा काही राज्यांत हे वापरणं बेकायदेशीर आहे, तेही त्याने स्वतःहून सांगितलं. “चालत नसतं तर बंदी कशाला घातली असती, मालक?” हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

पेटी २८,५००, बसवायचे २,०००. बिल मात्र दिलं ‘पार्किंग सेन्सर सेट’ या नावाने, ६ हजारांचं. उरलेले पैसे मोबाइलवरून एका तिसऱ्याच माणसाच्या खात्यात. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “असल्या वस्तूचं बिल कोण फाडतं?” इथेच उठायला हवं होतं.

पुढच्या जाळीत दोन काळे डोळे, डॅशबोर्डखाली डबी आणि तिला यूएसबीचं भोक. चार-पाच दिवसांत वंटमुरीजवळ डबी पहिल्यांदा ओरडली. मी पाय सैल केला, पुढे कुणीच दिसलं नाही, पण वाटलं, कुठेतरी झाडाआड इंटरसेप्टर, म्हणजे पोलिसांची वेग मोजणारी गाडी, असणार. अशी ती अधूनमधून ओरडायची आणि दर वेळी माझा विश्वास वाढायचा. डिसेंबरात ‘पहिलं अपडेट’ आलं. दुकानदाराने पेनड्राइव्हसारखी कांडी भोकात घातली, दोन मिनिटं निळा दिवा लुकलुकला, मग हिरवा झाला. ३,५०० रुपये.

जानेवारीतली गोष्ट सांगायची नव्हती, पण तीच सांगायला हवी. आईला बेळगावातल्या दवाखान्यात दाखवून रात्री परत येत होतो. आई मागच्या सीटवर झोपलेली. पेटी लावायच्या आधी रात्री मी ८०-९० च्या पुढे जात नव्हतो. त्या रात्री कणगला सोडल्यावर काटा ११५ वर होता, कारण पेटीचा हिरवा दिवा लागलेला होता. गळिताचा हंगाम. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसता अंधारात हलणारा उसाचा ढीग. ब्रेक दाबला, गाडी उजवीकडे ओढली, दुभाजकाच्या कडेला चाक घासलं आणि थांबली. आई पुढच्या सीटवर आदळली, कपाळाला खोक पडली. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नाही, तो पुढे गेला. आईने एवढंच विचारलं, “एवढी घाई कशाची रे?” मी उत्तर दिलं नाही. तवंदी घाट उतरून निपाणीत येईपर्यंत चाळीसच्या वर गेलो नाही.

तरीही पेटी काढली नाही. हे मी आज लाजेने लिहितोय.

फेब्रुवारीत दोन चलनं आली. एकावर फोटो, माझी नंबर प्लेट, ८० च्या पट्ट्यात १०४. पेटी चालू होती. दुकानदाराकडे गेलो तर तो अजिबात गडबडला नाही. “पोलिसांनी नवी गन आणलीय मालक, जुन्या अपडेटला ती सापडत नाही. रविवारी या, समोर टेस्ट करून देतो.”

ती टेस्ट मी तपशिलात सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच गप्प होतात. होनग्याजवळ सर्व्हिस रोडवर सकाळी सात वाजता. त्याच्याकडे दुर्बिणीसारखी गन होती. पहिल्यांदा पेटी बंद ठेवून मी गाडी चालवली. त्याने ५८ दाखवलं, मग ६१. काट्याशी जुळत होतं. मग ‘नवीन अपडेट’ घातलं, पेटी चालू केली, मी परत तीन फेऱ्या मारल्या. पेटी ओरडली आणि तिन्ही वेळा गनवर नुसत्या रेघा. मी म्हणालो, मला उभं राहून बघायचंय. त्याचा पोरगा माझी गाडी घेऊन गेला, मी शेजारी उभा. परत रेघा. गन हातात मागितली तर म्हणाला, “कॅलिब्रेशन केलेली आहे, हात हलला तर रीडिंग बिघडतं.” दुसरे ३,५०० दिले आणि समाधानाने घरी आलो.

हात हलला तर रीडिंग बिघडतं, हे खरं आहे. नेम एका जागी स्थिर नसेल, झोत गाडीवरून सरकला, तर लेझर गन आकडा देतच नाही, चूक दाखवते. म्हणजे रेघा दाखवायला जॅमर लागत नाही, गन धरणाऱ्याने मनगट जरासं वळवलं की पुरे. पहिल्या फेऱ्यांना मी स्टिअरिंगवर होतो, दुसऱ्यांना शेजारी. गन एकदाही माझ्या हातात नव्हती आणि ती कुठे रोखलीय हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये आणखी एक चलन. जूनमध्ये तिसरं अपडेट, तेही ३,५०० चं. माझा भाचा बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग करतो. सुट्टीत निपाणीला आला होता. त्याला सहज म्हणालो, हे काय आहे बघ. त्याने आधी डबी खोललीच नाही. टीव्हीचा रिमोट आणला, पुढच्या जाळीतल्या काळ्या डोळ्यासमोर धरून बटण दाबलं. पेटी ओरडली. आवाज वाढवायचं बटण दाबलं तरी ओरडली, कमी करायचं दाबलं तरी ओरडली. होनग्याच्या टेस्टमध्ये ती कशाने ओरडली असेल ते मला तेव्हा कळलं. खिशात एक रिमोट पुरे होता.

मग त्याने ती उघडली. उलटा प्रकाश मारणारे म्हणून जे दिवे होते ते साधे रिमोटचे दिवे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर फिकट जांभळे लुकलुकताना दिसतात. त्यांचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो, पोलिसांच्या लेझर गनचा ९०५ च्या आसपास. नुसता तेवढाच फरक नाही, ठोका ओळखून त्याच लयीत उत्तर द्यायला जे वेगवान सर्किट लागतं, तसलं त्यात काहीच नव्हतं.

शेवटी तो यूएसबीच्या भोकाकडे वळला आणि थोडा वेळ गप्प बसला. “मामा, हे बघा. यूएसबीला चार तारा असतात. लाल आणि काळी विजेची, हिरवी आणि पांढरी माहितीची. ह्यात लाल-काळीच जोडलीय. हिरव्या-पांढऱ्याची जागा रिकामी आहे, तिथं कधी सोल्डरचा डाग दिलेलाच नाही.” मी विचारलं, म्हणजे? “म्हणजे ह्या डबीत बाहेरून काही जाऊच शकत नाही. अपडेट वगैरे कधी झालंच नाही. कांडीतला दिवा तेवढा लागत होता.” तीन अपडेटचे साडेदहा हजार मी एका दिव्याला दिले होते.

भाच्याने आणखी एक सांगितलं, ते मी आधी कधी विचारातच घेतलं नव्हतं. सगळ्या गन लेझरच्या नसतात. काही रडारवर चालतात, म्हणजे रेडिओ लहरींवर, त्यांना प्रकाशाने फरक पडत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दोन कमानींमधलं अंतर कापायला किती वेळ लागला त्यावरूनही सरासरी वेग काढतात. म्हणजे पेटी खरी असती तरी निम्म्या ठिकाणी ती आंधळीच.

मी दुकानदाराकडे गेलो. आधी म्हणाला, पेटी उघडली, वॉरंटी संपली. मी रिकामी जागा दाखवली तेव्हा त्याचा आवाज बदलला नाही, फक्त म्हणाला, “कुठं तक्रार करणार मालक? पोलिसांना चुकवायची वस्तू चालली नाही म्हणून पोलिसांत जाणार?”

या एका वाक्याने मी दोन महिने गप्प बसलो. हा धंदा चालतो तो याच वाक्यावर. फसलेला माणूस स्वतः चोरी करायला निघालेला असतो, म्हणून तो ओरडत नाही. मी शेवटी निपाणीतल्या एका वकिलांकडे गेलो आणि काहीही न लपवता सांगितलं. त्यांनी मला आधी माझंच सुनावलं. पोलिसांच्या कामात मुद्दाम अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली गुन्हा आहे, पेटी खरी असती आणि पकडला गेला असतास तर हजाराच्या दंडावर सुटला नसतास. मग म्हणाले, पण त्याने तुला फसवलं ते वेगळं, फसवणुकीचं कलम ३१८ आहे आणि तुझी लाज त्याची ढाल होऊ शकत नाही. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून आधी सल्ला घेता येतो. पेटी उघडल्याचे फोटो, पैसे पाठवल्याच्या नोंदी, ‘अपडेट आलंय’ म्हणून त्याने पाठवलेले मेसेज, सगळं जपून ठेवायला सांगितलं. माझ्याकडचं बिल पार्किंग सेन्सरचं असल्यामुळे केस अवघड आहे हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. नोटीस रजिस्टरने गेली आहे. उत्तर आलेलं नाही.

तुमच्या गाडीत अशी पेटी असेल तर आज रात्री टीव्हीचा रिमोट घेऊन खाली जा. पेटी ओरडली तर स्क्रू काढून यूएसबीच्या भोकामागच्या चार जागा बघा. आणि कुणी टेस्ट करून दाखवतो म्हणालं तर गन स्वतःच्या हातात घ्या. देत नसेल तर तिथूनच परत या.

गेल्या आठवड्यात संकेश्वरचा तो मित्र दुकानात आला. मी त्याला दोष दिला नाही, त्यानेही भल्यासाठीच नंबर दिला होता. त्याने आपली पेटी काढून आणली होती. भाचा कॉलेजला गेलेला, म्हणून आम्ही दोघांनीच काउंटरवर ती उघडली. हिरव्या-पांढऱ्याची जागा तीतही रिकामी. त्याने पाच अपडेट केले होते. त्याच्या पैशांच्या नोंदी आता माझ्याच फायलीत लावल्या आहेत.